फॉर्ममध्ये रकानाच नाही

गावाने स्वतःच चालवलेलं नेट, म्हणजे कम्युनिटी नेटवर्क, त्याबद्दल बोलायचं तर सुरुवात फॉर्मपासून करतो, कारण बहुतेक ठिकाणी गाडी तिथेच अडते. समजा डोंगराआडच्या एखाद्या वस्तीने ठरवलं की कंपनी काही इकडे टॉवर टाकत नाही, चार घरं आणि त्यात कमाई कसली, तर आपणच वर्गणी काढू आणि आपलं नेट आपण चालवू. आता परवानगी काढायला गेलं की अर्जात विचारतात कंपनीचं नाव काय, टर्नओव्हर किती, बँक गॅरंटी किती. यातलं काहीच वस्तीकडे नसतं. टेलिकॉम पॉलिसी लिहिणाऱ्यांच्या डोक्यात नेट देणारे दोनच, सरकार नाहीतर कंपनी, तिसरं कुणी असेल असं गृहीतच धरलेलं नसतं.

मेक्सिकोचं बघा. ओआहाका राज्यात तालेआ दे कास्त्रो नावाचं गाव आहे, तिथल्या लोकांनी २०१३ मध्ये स्वतःचं मोबाईल नेटवर्क उभं केलं. २०१४ च्या कायद्यात मग आदिवासी आणि सामुदायिक वापरासाठी वेगळं लायसन्स आलं, आणि २०१६ मध्ये तिथल्या गावांच्या संघटनेला ते मिळालंसुद्धा. झालं का सगळं? कुठलं! पाठोपाठ स्पेक्ट्रमच्या, म्हणजे सिग्नलसाठी लागणाऱ्या रेडिओ लहरींच्या पट्ट्यांच्या, फीची मागणी आली, नफा न कमावणाऱ्या संस्थेकडे. ते भांडण पार सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि २०२१ मध्ये निकाल गावांच्या बाजूने लागला. म्हणजे एका हाताने लायसन्स द्यायचं आणि दुसऱ्या हाताने बिल पाठवायचं, कारण फीवाल्या टेबलला लायसन्सवाल्या टेबलने काही कळवलेलंच नसतं.

केनियाने २०२१ मध्ये कम्युनिटी नेटवर्कसाठी वेगळा लायसन्सचा प्रकार आणला, अर्जेंटिनाने २०१८ मध्येच. म्हणजे जमत नाही असं काही नाही.

दक्षिण आफ्रिकेतल्या मानकोसी गावाचं मला फार आवडतं. तिथल्या सहकारी संस्थेचं नाव झेन्झेलेनी, खोसा भाषेत अर्थ 'तुमचं तुम्हीच करा'. त्यांनी राउटर लोकांच्याच घरांवर बसवले, वीज सोलरची, आणि उरलेल्या विजेवर गावातले मोबाईल चार्ज करून द्यायचे पैसे घेतले, म्हणजे नेटच्या आधी चार्जिंगचा धंदा सुरू झाला! लायसन्समधून सूट मिळाली म्हणून हे शक्य झालं, नाहीतर चार्जिंगचे पैसे त्या फीतच गेले असते.

वायफायचं एक बरं असतं की २.४ आणि ५ गिगाहर्ट्झचे पट्टे बहुतेक देशांत लायसन्सशिवाय वापरता येतात. पण हे सिग्नल झाडांना जाम घाबरतात. उन्हाळ्यात दोन छपरं समोरासमोर धरून अँटेना बसवा, लिंक मस्त, आणि पाऊस पडून मधल्या झाडाला पालवी फुटली की गायब, कारण ओल्या पानांत सिग्नल जिरतो. फ्रिक्वेन्सी खालची असेल तर झाडातून बरी जाते, पण ते पट्टे बहुतेक लिलावात जातात. गावात कुणीच वापरत नसलेला पट्टा कागदावर मात्र कुणाच्या तरी मालकीचा! 'वापरत नसाल तर गावाला वापरू द्या' एवढी एक ओळ पॉलिसीत आली तरी खूप झालं.

आता पैसा. बऱ्याच देशांत युनिव्हर्सल सर्व्हिस फंड असतो, कंपन्यांच्या उत्पन्नातला थोडा हिस्सा बाजूला काढून दुर्गम भागासाठी ठेवायचा. कल्पना छानच, पण टेंडरच्या अटी अशा की पैसा फिरून परत मोठ्यांकडेच.

आणि गावातलं नेटवर्क कितीही भारी बांधलं तरी बाहेरची लाईन कुणाकडून तरी विकतच घ्यावी लागते, तिचा होलसेल दर मोठ्याला एक आणि छोट्याला भलताच. स्पेनमधल्या कॅटलोनियातल्या गीफी-नेट या कम्युनिटी नेटवर्कने, २००४ ला सुरू झालेलं, हजारो नोड, म्हणजे जोडणीची ठिकाणं, एकत्र बांधून हे बरंच सोडवलं: वायर आणि खांब सगळ्यांचे, त्यावर धंदा कुणीही करा, मेंटेनन्सचा वाटा मात्र द्या.

आता कुणी विचारेल की ग्रँट मिळाली तर पहिला खर्च कशावर करायचा. माणसावर. ग्रँटवाले राउटरचं बिल मागतात आणि ते जोडता येतं, पण रात्री लिंक पडल्यावर छपरावर चढणाऱ्या पोराचं मानधन कुठल्या हेडखाली दाखवायचं ते विचारलं की समोरचे फाईल चाळायला लागतात, आणि ते पोरगं वर्षभर फुकट चढतं आणि मग दुसरीकडे नोकरीला लागतं.