अंत्रुज महालातले खापरपणजोबा

(दृश्य: लाल कापडात बांधलेल्या वह्या, मोडी अक्षरं जवळून)

गोव्यातल्या ख्रिस्ती घराण्याला एकोणिसाव्या शतकातला पूर्वज शोधायचा असेल, तर चर्चमध्ये बाप्तिस्म्याच्या नोंदी मिळतात. हिंदू घराण्याला ती सोय नाही. आमचे खापरपणजोबा सापडले ते देवळामुळे आणि या हिशेबाच्या वहीमुळे.

(दृश्य: मंगेशीची दीपमाळ)

ते मंगेशीचे महाजन, म्हणजे देवळाच्या वंशपरंपरागत मानकऱ्यांपैकी. १५६० मध्ये कुशस्थळीहून, म्हणजे आजच्या कुठ्ठाळीहून, देव जुवारी नदीपलीकडे प्रियोळला आणला. आमचं मूळ गाव कुशस्थळीच. देवामागून माणसंही अंत्रुजात, म्हणजे आजच्या फोंडा भागात, आली आणि १७६३ साली फोंडाही पोर्तुगीजांकडे गेला.

वहीत सुपारी आहे, माडांचा खंड आहे, देवकार्याचा खर्च आहे. बायकांची नावं मात्र जवळजवळ नाहीत, आणि ते मला फार लागलं. लग्नाच्या खर्चात व्याह्यांचं गाव लिहिलेलं असतं, तेवढ्यावरून सुनांची माहेरं जुळवली.

सर्वांत जास्त पानं मिठाची. बैलांवर मीठ घाटावर जायचं, येताना तांदूळ यायचा. १८५२ मध्ये सत्तरी महालात दीपाजी राणे यांनी पोर्तुगीजांविरुद्ध उठून नाणूसचा किल्ला घेतला आणि ते बंड १८५५ पर्यंत चाललं. त्या काळातल्या नोंदी विरळ आहेत. पण नंतर व्यापार पुन्हा उभा राहिला, पानं पुन्हा भरू लागली.

(दृश्य: मिठागरं, मग घाटातली रेल्वे)

घर मोडलं ते कराराने. १८७८ मध्ये पोर्तुगाल आणि ब्रिटन यांच्यात करार झाला. गोव्याचं मीठ ब्रिटिशांच्या ताब्यात गेलं आणि त्याबदल्यात पोर्तुगीज सरकारला वर्षाला चार लाख रुपये मिळू लागले. मिठागरवाल्यांच्या आणि बैल हाकणाऱ्यांच्या पदरात काय पडलं, ते कुठल्याच करारात लिहिलेलं नाही. ते अशा वह्यांतच वाचावं लागतं. आमच्या वहीत मिठाची पानं आटत जातात, उधारी वाढते, कुळागराचा, म्हणजे सुपारीच्या बागेचा, एक तुकडा गहाण पडतो. त्याच करारातून मुरगावची रेल्वे आली. १८८८ मध्ये ती घाट चढली आणि बैलांची वाट संपली.

१८९२ मध्ये करार मोडीत निघाला. तोवर खापरपणजोबांचे धाकटे भाऊ मुंबईला गेले होते. वहीत त्यांच्या नावापुढे आता सुपारीतला वाटा नाही. मुंबईहून आलेली रक्कम आहे, आणि त्याच रकमेतून गहाण कुळागर सोडवल्याची नोंद आहे.