जन्माच्या फॉर्ममध्ये नसलेला रकाना

सातारा जिल्हा, पाटण तालुका. ग्रामसेवकांच्या टेबलावर पसरलाय तो नमुना नंबर 1, बाळ झालं की 21 दिवसांच्या आत भरून द्यायचा फॉर्म. ह्याचे दोन भाग. कायदेशीर भागात तारीख, आईवडलांची नावं, पत्ता, ह्यावरूनच दाखला मिळतो. दुसरा सांख्यिकी, तो वेगळा काढून आकडेवारीसाठी वर जातो. आता जवळून वाचा. आईचं शिक्षण, लग्नाच्या वेळचं वय, बाळंतपण नॉर्मल की सिझर, बाळाचं वजन, किती आठवडे भरले, सगळं विचारलंय. बाळाला जन्मजात व्यंग आहे का, हे कुठंच विचारलेलं नाही.

आणि ही बघा ह्या बाळाची पावलं, दोन्ही आत वळलेली. डॉक्टर हलक्या हातानं पाऊल फिरवून धरतायत, सिस्टर कापूस गुंडाळतायत, त्यावर ओलं प्लास्टर, पार मांडीपर्यंत. आठवड्यानं हे काढायचं, पाऊल अजून थोडं वळवायचं, परत नवीन घालायचं, असे पाच-सहा आठवडे तरी, आणि मग बूट-पट्टी, आधी तीनेक महिने जवळजवळ दिवसरात्र, नंतर रात्री झोपताना, ती पोर चार वर्षांचं होईपर्यंत. आईच्या पिशवीत दाखला आहे, लॅमिनेट केलेला.

रकाना दिला म्हणजे झालं असंही नाही बरं का. अमेरिकेत 1989 पासून जन्मदाखल्याच्या फॉर्मवर व्यंगांचे चौकोन आहेत, नुसती टिक करायची. पण अटलांटात 1967 पासून वेगळी नोंद ठेवतात, माणसं हॉस्पिटलात जाऊन केसपेपर उघडून बघतात, आणि त्याच्याशी दाखले ताडून पाहिले तेव्हा व्यंग असलेल्या शंभर बाळांतली जेमतेम 14 दाखल्यावर सापडली. कारण फॉर्म भरला जातो पहिल्या काही दिवसांत. फाटलेला ओठ तेव्हा दिसतो, हृदयातलं छिद्र पुष्कळदा नाही.

म्हणून कुणीतरी परत बघायला हवं, आणि ते माणूस आपल्याकडे आहे. ह्या आशाताई, खांद्याला वजनकाटा, चढ चढून वस्तीवर निघाल्यात. 2013 मध्ये पालघरला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला, त्यात पहिले सहा आठवडे घरी जाऊन बाळ तपासणं आशाताईंकडेच आहे. पाय, टाळू, पाठ, सगळं बघतात. पण त्यांनी बघितलेलं जन्मनोंदीत उतरवायला जागाच नाही.

आकडे नसले की प्लास्टर, सर्जन, फोलिक ॲसिडच्या गोळ्या, सगळं अंदाजपंचे.

आमचं म्हणणं एवढंच, सांख्यिकी भागात हा रकाना द्या, आणि बाळ वर्षाचं होईपर्यंत तो भरता येऊ द्या. दाखल्यावर मात्र एक शब्द नको, तो पुढं शाळेत दाखवायचा असतो.