वशिंडाचा महसीर

निलगिरीतून निघालेली मोयार नदी मुदुमलै आणि बंदीपूरच्या जंगलांतून वाहत भवानीला मिळते, आणि भवानी कावेरीला. याच कावेरीच्या खोऱ्यात, जगात दुसरीकडे कुठेच नाही, असा एक महसीर, म्हणजे नदीतला एक मोठा मासा, राहतो. डोक्यामागे बैलाच्या वशिंडासारखा उंचवटा, नारिंगी शेपटी. १९४६ साली म्हैसूर भागात काबिनी नदीत गळाला लागलेला एक मासा १२० पौंडांचा, म्हणजे सुमारे ५४ किलोंचा भरला होता.

इतका नावाजलेला मासा, पण त्याची शास्त्रीय ओळख पक्की व्हायला २०१८ साल उजाडलं. २००७ मध्ये केरळच्या पांबार नदीतल्या माशांवरून नोंदवलेला 'टॉर रेमादेवी' तो हाच, हे तेव्हा सिद्ध झालं. त्याच वर्षी तो 'अतिसंकटग्रस्त' ठरला.

धरणं, वाळूउपसा, डोहात फोडले जाणारे सुरुंग, ही कारणं आहेतच. पण एक कारण आपल्या लोणावळ्यापर्यंत येतं. १९७०च्या दशकात तिथल्या वळवण केंद्रात टाटांच्या वीज कंपनीने महसीरचं बीज तयार करायला सुरुवात केली. काम मोलाचं होतं. धरणांमुळे महसीर संपू नये, हीच त्यामागची तळमळ होती. ही जात 'टॉर खुद्री', ब्रिटिश निसर्गअभ्यासक साइक्स यांनी १८३९ मध्ये पुण्याजवळच्या मुळा-मुठेतून नोंदवलेली. तिची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, कावेरीतही सोडली गेली. महसीर तो महसीर, असंच तेव्हा सगळ्यांना वाटलं.

खुद्री कावेरीत रुजला, फोफावला. मासा पकडून पुन्हा पाण्यात सोडणाऱ्या हौशी गळकऱ्यांच्या तळावर १९९८ ते २०१२ या काळातल्या नोंदी जपल्या गेल्या, हे आपलं नशीब. त्यांत खुद्री वाढत जातो आणि वशिंडाचा मासा विरळ होत जातो. जे थोडे सापडतात, ते आकाराने वाढत गेलेले. मला यातली सर्वांत काळजीची गोष्ट हीच वाटते: मोठे मासे दिसतात, त्यांच्यामागून येणारी पिल्लं दिसत नाहीत.

आज त्याची मुख्य भिस्त मोयारवर आहे. उन्हाळ्यातही तिथले डोह भरलेले राहायला हवेत, सुरुंग थांबायला हवेत. आणि बाहेरच्या महसीरचं एकही बोटुकलं, कितीही चांगल्या हेतूने, तिथे सोडलं जाऊ नये.