बाळंतिणीचा रक्तस्राव : अंदाज नको, माप हवं

प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावात औषध हाताशी नसणं हे एक संकट असतं. त्याहून जास्त वेळा घडतं ते हे, की औषध ट्रेमध्ये तयार असतं आणि ते द्यायची वेळ झाली आहे हे कुणाच्या लक्षातच येत नाही. म्हणून आज सुरुवात औषधांपासून नको, मोजण्यापासून करू.

गादीवर पसरलेलं, पॅडमध्ये मुरलेलं, पाठीखाली साचलेलं रक्त नुसत्या नजरेनं नेहमी कमीच वाटतं, आणि स्राव जितका जास्त तितका अंदाज जास्त चुकतो. बाळ बाहेर आलं, गर्भजल वाहून गेलं, की लगेच खुणांची प्लॅस्टिक पिशवी कमरेखाली सरकवायची. ती आधीच लावली तर गर्भजलही मापात येतं आणि आकडा खोटा ठरतो. पिशवी नसेल तर पॅड आणि कापड वजन करा, कोरड्याचं वजन वजा करा. 1 ग्रॅम म्हणजे साधारण 1 मिली. 500 मिलीला उपचार सुरू व्हायलाच हवेत. 300 मिली गेलं असेल आणि नाडी किंवा रक्तदाब बिघडला असेल, तर 500 ची वाट पाहायची नाही. 1000 च्या पुढे तो गंभीर रक्तस्राव.

"बीपी ठीक आहे" हे वाक्य इथे फार फसवं असतं. गर्भारपणात रक्ताचं प्रमाण जवळपास दीडपट होतं. त्या शिलकीवर शरीर बराच वेळ रक्तदाब सांभाळून धरतं आणि मग एकदम हात टेकतं. नाडी मात्र आधीच बोलायला लागते. नाडीला वरच्या रक्तदाबानं भागा. 80 ला 120 ने भागलं तर 0.67, काळजी नाही. नाडी 110 आणि रक्तदाब 100 असेल तर 1.1. यातला 100 हा आकडा एकटा पाहिला असता तर कुणी उठलंही नसतं. 0.9 च्या वर गेलं की मदतीला हाक मारा.

आता हात. गर्भाशय घट्ट आहे म्हणजे नेमकं कसं? स्वतःचं कपाळ दाबून पाहा. तसं लागलं पाहिजे. गालासारखं लागलं तर ते सैल आहे. दहापैकी सात वेळा दोष या सैलपणाचाच असतो, कारण वार सुटलेल्या जागच्या रक्तवाहिन्या स्नायूंच्या आवळण्यानंच बंद होतात. एक हात जघनास्थीच्या (ओटीपोटाखालच्या पुढच्या हाडाच्या) वर ठेवून गर्भाशयाला खालून आधार द्या, दुसऱ्या हातानं गर्भाशयाचा माथा, म्हणजे पोटावरून हाताला लागणारा त्याचा वरचा भाग, गोलाकार चोळा, आतल्या रक्ताच्या गाठी बाहेर येऊ द्या. आधार न देता जोरात खाली ढकलू नका, गर्भाशय उलटण्याचा धोका असतो. घट्ट झालं की चोळणं थांबवा, पण हात तिथेच राहू द्या. माथा बेंबीच्या वर, उजवीकडे सरकलेला लागला तर मूत्राशय भरलंय असं समजा. कॅथेटर (लघवी काढायची नळी) घाला, भरलेलं मूत्राशय गर्भाशयाला आवळूच देत नाही.

हे चालू असतानाच दुसऱ्या सिस्टरनं 16 किंवा 18 नंबरच्या दोन सुया शिरेत लावायच्या आणि त्याच वेळी रक्तगट व क्रॉसमॅचसाठी (द्यायचं रक्त जुळतं का हे पाहण्यासाठी) नमुना काढून घ्यायचा. गर्भाशय आवळणारं ऑक्सिटोसिन 10 युनिट स्नायूत द्या, किंवा 1 लिटर सलाइनमध्ये 20 युनिट घालून मिनिटाला 60 थेंबांनी सोडा. शिरेतून झटक्यात कधीच नाही, रक्तदाब कोसळतो. हे इंजेक्शन 2 ते 8 अंशांत ठेवायचं असतं. उघड्या ट्रेमध्ये उन्हाळाभर पडलेली कुपी पाण्यासारखी निघाली तर तिला दोष देऊन उपयोग नाही. सोबत रक्ताची गुठळी टिकवून धरणारं ट्रॅनेक्झॅमिक आम्ल 1 ग्रॅम, शिरेतून 10 मिनिटांत, सावकाश. प्रसूतीला 3 तास उलटल्यावर त्याचा फायदा उरत नाही, म्हणून ते 'शेवटी बघू' यादीत टाकू नका. 30 मिनिटांनीही स्राव चालू असेल तर आणखी 1 ग्रॅम. कुपीवरचं नाव मोठ्यानं वाचा. भूल देण्याच्या औषधासारखी दिसणारी ही कुपी चुकून पाठीच्या कण्यात टोचली जाऊन मृत्यू झालेले आहेत.

एवढ्यानं भागलं नाही तर डॉक्टर पुढचं औषध सांगतील, पण विचारायचं तुम्हीच: बीपीचा त्रास आहे का? असेल तर मेथिलअर्गोमेट्रिन नको. दमा आहे का? असेल तर कार्बोप्रोस्ट नको.

गर्भाशय कपाळासारखं घट्ट आणि तरी लालभडक रक्त वाहतंय, तर चोळत बसू नका. कुठेतरी फाटलंय, उजेड आणि टाक्यांचं सामान आणा. वार पुन्हा पाहा, एखादा तुकडा कमी आहे का. आणि रक्ताच्या गाठीच होत नसतील, तर साध्या काचेच्या नळीत थोडं रक्त घेऊन मुठीत धरा. 7 मिनिटांत गोठलं नाही तर गोठण्याची यंत्रणाच ढासळली आहे. अंगावर पांघरूण घाला, सलाइन कोमट ठेवा. गार पडलेल्या शरीरात रक्त नीट गोठत नाही, आणि या धावपळीत बाई उघडीच राहते हे हमखास होतं.

स्राव थांबला की पहिले 2 तास दर 15 मिनिटांनी नाडी, रक्तदाब, माथा आणि पॅड. लघवी तासाला 30 मिलीच्या खाली जाऊ नये. माथा वर चढतोय पण पॅड कोरडं आहे, तर रक्त आत साठतंय. पॅडवर विश्वास ठेवू नका. पहिल्यांदा उठून उभी राहताना योनीत साचलेलं काळपट रक्त एकदम बाहेर येतं. तेव्हा तिला झोपवा, माथा हातानं तपासा, आणि जे बाहेर आलं तेही मोजून आधीच्या आकड्यात मिळवा.