बेंड पाईप निळा का पडतो, आणि साफ कसा करायचा

(दृश्य: नाशिकमधलं एक गॅरेज. स्टँडवर उभी बुलेट. कॅमेरा इंजिनच्या तोंडापासून बेंड पाईपवरून, म्हणजे धूर सायलेन्सरकडे नेणाऱ्या वळणदार नळीवरून, खाली येतो.)

वरच्या वळणावर सोनेरी, त्याखाली जांभळट, मग निळा. हा डाग बाहेरून लागलेला नाही. धातू तापला, हवेतल्या ऑक्सिजनने त्यावर अतिशय पातळ थर धरला, आणि थराच्या जाडीप्रमाणे रंग दिसू लागला. स्टेनलेस स्टीलवर साधारण ३०० अंश सेल्सिअसला फिकट पिवळा रंग येतो, ४५० च्या आसपास गडद जांभळा, आणि ५४० च्या पुढेमागे निळा. म्हणजे पाईप किती तापला होता, ते पाईपच सांगतो.

थोडा सोनेरी रंग येणारच. पण हातभर पाईप निळा झाला असेल, तर पॉलिशची डबी उघडण्याआधी इंजिनकडे बघा. मिक्श्चर लीन, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी, आहे का? इग्निशन टायमिंग मागे पडलंय, म्हणजे ठिणगी उशिरा पडतेय का? टायमिंग मागे असेल, तर जळण उशिरापर्यंत चालतं आणि उष्णता पाईपमध्ये उतरते. कार्ब्युरेटर (हवा-पेट्रोल मिसळणारा भाग) आणि इंजिनचं हेड यांच्यामधलं रबर चिरलं, तर तिथून जादा हवा शिरते. तपासायला सोपं आहे. थंड इंजिन चालू करून लगेच रबराच्या कडेने कार्ब क्लीनरचा छोटा फवारा मारा. आयडलिंगचा आवाज बदलला, तर गळती तिथेच. पाईप तापल्यावर हा प्रयोग करू नका, फवारा पेट घेतो.

द्वारका चौकाच्या कोंडीत, एप्रिलच्या उन्हात दहा मिनिटं आयडलिंगवर उभी राहिलेली गाडीही पाईप रंगवते. इंजिन चालू, वारा शून्य. कोंडी लांबली की चावी बंद करा.

(दृश्य: पाईपवर बोट फिरवणारा मेकॅनिक.)

आता पाईप कशाचा आहे ते ओळखा. इथेच लोक फसतात. लोहचुंबक चिकटला म्हणजे स्टेनलेस नाही, असं नसतं. सायलेन्सरसाठी वापरलं जाणारं बरंचसं स्टेनलेस चुंबकाला चिकटतं. क्रोमचा मुलामा आरशासारखा आणि किंचित निळसर चमकतो. स्टेनलेसची चमक राखाडी असते, आणि पॉलिश केलेलं नसेल तर बारीक रेघाही दिसतात. पाईप काळ्या रंगाचा असेल, तर पॉलिशचा प्रश्नच नाही. तिथे गंज काढून उष्णतारोधक रंगच मारावा लागतो.

क्रोमचा थर मायक्रॉनच्या अंशात असतो, खाली निकेल. म्हणून क्रोमवर पॉलिश पेपर नको. घासून पिवळसर झाक दिसू लागली, तर क्रोम गेलं आणि निकेल उघडं पडलं, आता थांबा. क्रोमसाठी मेटल पॉलिश आणि मऊ सुती फडकं पुरे, गंजाच्या ठिपक्यांना चार शून्यांचं (०००० नंबरचं, सगळ्यात बारीक) स्टील वूल, तेही हलक्या हाताने. फिकट रंग निघतो. गडद निळा सहसा निघत नाही, कारण उष्णतेचं काम खाली निकेलपर्यंत झालेलं असतं. तिथे नवं प्लेटिंग नाहीतर नवा पाईप.

स्टेनलेसवर मात्र मनसोक्त काम करता येतं. पाईप पूर्ण थंड, साबणाने धुतलेला, कोरडा. मग पाण्यातला पॉलिश पेपर: ४००, ६००, ८००, १०००, १५००. पेपरची दोन बोटं रुंद पट्टी पाईपभोवती घालून दोन्ही टोकं आलटून पालटून ओढा. प्रत्येक नंबरला ओढण्याची दिशा थोडी तिरकी बदला. आधीच्या नंबरच्या रेघा गेल्याशिवाय पुढचा पेपर हातात घेऊ नका. घाई केली की शेवटी आरशासारख्या चमकीत ४०० च्या रेघा उठून दिसतात. शेवटी बफ (चमक आणणारं कापडी चाक) आणि मेटल पॉलिश. साधं स्टील वूल इथे नको, त्याचे लोखंडी कण पाईपवर रुततात आणि पहिल्या पावसात गंजतात. नायलॉनचा स्क्रबर घ्या.

संडास साफ करायचं ॲसिड लावा, हा सल्ला गॅरेजोगॅरेजी मिळतो. ऐकू नका. त्यातलं हायड्रोक्लोरिक ॲसिड क्रोम सोलतं आणि स्टेनलेसला सुईच्या टोकाएवढे खड्डे पाडतं.

श्रावणात त्र्यंबकेश्वरच्या वाटेवर रेनकोटची पँट चिकटते, तो वेगळा प्रकार. इंजिन मिनिटभर चालवून बंद करा, मऊ झालेलं प्लास्टिक लाकडी पट्टीने खरवडा. पाईप थंड झाल्यावर उरलेल्यावर थिनर.

(दृश्य: फडक्याने पुसणारे हातमोजे.)

शेवटची पायरी बरेचजण गाळतात: आयसोप्रोपिल अल्कोहोलने पाईप पुसून घ्या, नंतर उघडा हात लावू नका. बोटांचे ठसे आणि पॉलिशचं तेल पहिल्याच तापण्यात भाजून बसतात. पाईप उतरवला असेल, तर आदल्या दिवशी नटांवर पेनिट्रेटिंग ऑईल सोडा, नाहीतर स्टड (पाईप धरणारा आट्यांचा दांडा) हेडमध्येच तुटतो. बसवताना सांध्यातलं गॅस्केट नवंच घाला. नट आळीपाळीने, मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कला (आवळण्याच्या जोराला) आवळा. बीएस-६ (प्रदूषणाच्या नव्या नियमांच्या) गाडीत ऑक्सिजन सेन्सरची वायर पाईपला टेकत नाही ना, हे बघूनच स्टार्टर दाबा.