एक लाखाचं बिल

(दृश्य: सकाळचे साडेआठ, घाटकोपर. मेट्रोच्या जिन्यावरची गर्दी. गळ्यात कंपन्यांची ओळखपत्रं.)

सीप्झ, पवई, ऐरोली, मालाड. मुंबईतले आयटीवाले रोज सकाळी या दिशांना पांगतात. यातले सगळेच त्या त्या कंपनीचे नोकर नसतात. काहीजण एखाद्या एजन्सीच्या पेरोलवर असतात. त्यांचा पीएफ कापला जातो, हातात पगाराची स्लिप येते. म्हणजे ती नोकरीच, फक्त दुसऱ्याच्या दारात केलेली. आपण बोलणार आहोत ते स्वतःच्या नावाने बिल काढणाऱ्या स्वतंत्र कॉन्ट्रॅक्टरबद्दल.

या धंद्यात नव्याने येणाऱ्याला काम मिळण्याची धास्ती असते आणि ती खोटी नाही. पण पहिल्या वर्षात माणूस जेरीला येतो तो बहुतेक वेळा काम पूर्ण केल्यानंतर, पैशांची वाट पाहताना. म्हणून आज एका बिलाच्या मागे जाऊ. रक्कम एक लाख रुपये.

(दृश्य: वहीचं पान. पेनाने मांडलेला हिशेब.)

हा लाख आला कुठून? वर्षाला बारा लाख पगार होता, म्हणून महिन्याला एक लाख दर लावला, ही सगळ्यात महागात पडणारी चूक. वर्षाच्या ३६५ दिवसांतून १०४ शनिवार-रविवार वजा केले की २६१ उरतात. सण, सुट्टी आणि आजारपण यांचे ३५ काढा. नवं काम शोधणं, कोटेशन, मीटिंगा, हिशेब यांचे कुणी पैसे देत नाही, त्यात आणखी ४५ दिवस सहज जातात. उरले साधारण १८०. दुसऱ्या बाजूला आरोग्य विमा, लॅपटॉप, सीएची फी आणि कंपनी भरायची तो पीएफचा वाटा आता तुमच्या अंगावर. त्याचे तीन लाख धरले, तर पंधरा लाख भागिले १८०, म्हणजे दिवसाला सुमारे ८,३०० रुपये. या दराने एक लाख हा बारा दिवसांचा मोबदला होतो, महिन्याचा नाही.

आता कागदपत्रं. उद्यम नोंदणी, म्हणजे सूक्ष्म-लघु उद्योग म्हणून सरकार दरबारी नाव लावणं, आधार आणि पॅनवर ऑनलाइन होते आणि ती पूर्ण मोफत आहे. पैसे मागणारी, सरकारी वाटणारी खासगी संकेतस्थळं बरीच आहेत. पत्त्याच्या शेवटी जीओव्ही डॉट इन आहे ना, ते पाहूनच पुढे जा. गुमास्त्यासाठी, म्हणजे दुकाने-आस्थापना नोंदणीसाठी, एकट्या माणसाला परवाना काढावा लागत नाही, ऑनलाइन सूचना दिली की पावती मिळते. उद्यम आणि गुमास्ता हे दोन कागद असले की बँकेत करंट अकाउंट उघडणं सोपं जातं. महाराष्ट्राचा व्यवसाय कर वर्षाला २,५०० रुपये, तो आता स्वतः भरायचा.

जीएसटी नोंदणी वर्षाची उलाढाल २० लाखांवर गेली की सक्तीची. त्याआधी ऐच्छिक, पण मोठ्या कंपन्यांची व्हेंडर नोंदणी बऱ्याचदा जीएसटी क्रमांकाशिवाय पुढे सरकत नाही. भाड्याच्या घरातून काम करणाऱ्यांचा अर्ज इथे हमखास अडतो. लाइट बिल घरमालकाच्या वडिलांच्या नावावर, लीव्ह अँड लायसन्स करार मालकाच्या नावाने. नावं जुळली नाहीत की अधिकाऱ्याची शंका येते आणि उत्तराला सातच कामाचे दिवस मिळतात. मालकाची एनओसी आणि घराच्या मालकीचा कागद अर्ज करायच्या आधीच हाताशी ठेवा.

(दृश्य: करारनाम्याची पानं. एका ओळीवर बोट थांबतं.)

ही ओळ नीट वाचा: “क्लायंटने काम स्वीकारल्यानंतर रक्कम दिली जाईल.” कधी स्वीकारणार, हे कुठेच लिहिलेलं नाही. मॅनेजर रजेवर गेला, टेस्टिंग लांबलं, की बिल लटकलं. इथे एक वाक्य घालून घ्या: काम सोपवल्यापासून सात दिवसांत लेखी हरकत आली नाही, तर ते स्वीकारलं असं धरलं जाईल. कमीत कमी ३० टक्के ॲडव्हान्स मागा. बदल सांगितले तर त्यांचा दर वेगळा, हेही लिहा.

दुसरा मुद्दा मालकीचा. नोकराने लिहिलेला कोड कंपनीचा असतो. कॉन्ट्रॅक्टरच्या बाबतीत १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार, उलट करार नसेल तर, पहिली मालकी लिहिणाऱ्याची राहते आणि ती हस्तांतरित करायला लेखी, सहीचा कागद लागतो. म्हणून हस्तांतरण पूर्ण रक्कम मिळाल्यावरच होईल, असं लिहायला सांगा. पैसे अडले तर तुमच्या हातातलं हे मोठं वजन. आणि काम संपल्यावर दोन वर्षं अशाच दुसऱ्या कंपनीकडे काम करायचं नाही, असं कलम दिसलं तर घाबरून जाऊ नका. १८७२ च्या करार कायद्याचं कलम २७ अशा बंधनाला रद्दबातल ठरवतं. गोपनीयतेचं कलम मात्र पाळावंच लागतं.

(दृश्य: खिडकीबाहेर पाऊस. टेबलावर राउटर, शेजारी छोटा यूपीएस.)

१२ ऑक्टोबर २०२० ला ग्रिड बंद पडलं आणि मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. अशा वेळी लॅपटॉप बॅटरीवर चालतो, राउटर चालत नाही. राउटरपुरता छोटा यूपीएस आणि दुसऱ्या कंपनीचं सिम, एवढ्याने डेडलाइन वाचते.

(दृश्य: स्क्रीनवर बिल.)

हे आपलं बिल. वर पॅन, जीएसटी क्रमांक, उद्यम क्रमांक. सलग चालणारा बिल क्रमांक. सॉफ्टवेअर डेव्हलपमेंटचा सेवा कोड ९९८३१४. आणि क्लायंटचा पीओ नंबर, म्हणजे त्यांच्या खरेदी आदेशाचा क्रमांक. हा विसरला की अकाउंट्सवाले बिल बाजूला ठेवतात आणि कळवतही नाहीत. कामाचे १,००,०००, १८ टक्के जीएसटी १८,०००, एकूण १,१८,०००. क्लायंट मूळ लाखावर दहा टक्के टीडीएस, म्हणजे तुमच्या नावाने आगाऊ आयकर, कापेल. बँकेत येतील १,०८,०००.

त्यातले अठरा हजार सरकारचे. ते वेगळ्या खात्यात टाका. आणि ॲडव्हान्स आला नसेल तर जीएसटी बिलाच्या तारखेवर चालतो. क्लायंटने पैसे दिले की नाही, याच्याशी त्याला घेणंदेणं नाही. काम ३१ जुलैला संपलं आणि बिल त्याच तारखेचं, तर मासिक रिटर्नसोबत २० ऑगस्टपर्यंत अठरा हजार खिशातून भरायचे. एकदाच संपणाऱ्या अशा छोट्या कामात बिल काढायला ३० दिवसांची मुदत असते. तेच बिल १ ऑगस्टचं काढलं, तर भरणा जातो २० सप्टेंबरवर.

हा एक महिना मोलाचा आहे, कारण सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे, असं २००६ चा सूक्ष्म-लघु उद्योगांचा कायदा सांगतो. लेखी करार नसेल तर १५ दिवसांत. ३१ जुलैला दिलेल्या कामाचा पंचेचाळिसावा दिवस १४ सप्टेंबर. पीओवर ९० दिवस छापलेले असले तरी कायदा ४५ च मानतो. उशिराला रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं, तक्रार ऑनलाइन करता येते. त्यात १ एप्रिल २०२४ पासून, मुदतीत न दिलेली अशी रक्कम कंपनीला प्रत्यक्ष पैसे दिले त्याच वर्षी खर्च म्हणून दाखवता येते. आठवणीच्या मेलमध्ये उद्यम क्रमांक आणि ही तारीख सौम्य शब्दांत लिहा. बऱ्याचदा तेवढ्याने बिल पास होतं.

परदेशी क्लायंट असेल तर आर्थिक वर्षाच्या सुरुवातीलाच जीएसटी पोर्टलवर एलयूटी हे हमीपत्र भरा, म्हणजे कर न भरता निर्यात करता येते. प्रत्येक रकमेचा बँकेचा परदेशी पैसे आल्याचा दाखला जपून ठेवा.

(दृश्य: आयकर पोर्टल, एआयएसचं पान.)

राहिले ते दहा हजार. जुलै ते सप्टेंबरमध्ये कापलेल्या टीडीएसचं रिटर्न क्लायंट ३१ ऑक्टोबरपर्यंत भरतो, त्यानंतर रक्कम तुमच्या एआयएसमध्ये, म्हणजे आयकर खात्याच्या वार्षिक माहितीपत्रकात, दिसते. अंदाजित उत्पन्नाच्या योजनेत जमा रकमेच्या किमान निम्मा नफा धरला जातो. वर्षाला पंधरा लाख आले, नफा साडेसात लाख धरला आणि दुसरं उत्पन्न नसेल, तर नव्या करप्रणालीत बारा लाखांपर्यंतच्या सवलतीमुळे कर शून्य होतो. कापलेला सगळा टीडीएस परत मिळतो, पण एआयएसमध्ये नोंद असेल तरच. क्लायंटने पॅनमधलं एक अक्षर चुकवलं, तर ती तुमच्या नावावर दिसत नाही आणि दुरुस्तीचं रिटर्न क्लायंटलाच भरावं लागतं. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात लॉगिन करा, क्लायंटच्या टॅन क्रमांकासमोर (टीडीएस कापणाऱ्याचा क्रमांक) १०,००० दिसतात का ते बघा. दिसत नसतील तर त्याच दिवशी अकाउंट्सला मेल टाका, सोबत बिलाची प्रत आणि पॅन कार्डाचा फोटो जोडून.