उरले दोघंच: कॉन्फरन्सच्या फेरमांडणीत छोट्या फुटबॉल संघांचं काय होतं

[दृश्य: गव्हाच्या टेकड्या, मधून जाणारा रस्ता]

अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याच्या पूर्व टोकाला पुलमन नावाचं गाव आहे. वस्ती 33,000च्या आसपास. वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटी इथली. राज्याची हद्द ओलांडून 13 किलोमीटर पुढे गेलात, की आयडाहो राज्यातलं मॉस्को लागतं. युनिव्हर्सिटी ऑफ आयडाहो तिथली. दोन्ही सरकारी विद्यापीठं, दोन्हींचे फुटबॉल संघ 1890च्या दशकातले. फुटबॉल म्हणजे अर्थातच अमेरिकन फुटबॉल, हेल्मेट घालून, अंडाकृती चेंडू हातात घेऊन पळायचा.

हे दोन शेजारी 1922 ते 1959 एकाच कॉन्फरन्समध्ये खेळले. ती मोडल्यावर पुलमनला तीन वर्षांत नव्या घरात जागा मिळाली. मॉस्कोला त्या घरात कधीच मिळाली नाही. 2023मध्ये पुलमनचंही घर मोडलं.

[दृश्य: पॅसिफिक किनाऱ्याचा नकाशा, 12 विद्यापीठांच्या खुणा]

कॉन्फरन्स म्हणजे एकमेकांशी दरवर्षी खेळणाऱ्या विद्यापीठांचा गट. मोसमात साधारण 12 सामने असतात. त्यातले 8 किंवा 9 कॉन्फरन्स लावून देते, उरलेले विद्यापीठ स्वतः ठरवतं, तेही बऱ्याचदा कित्येक वर्षं आधी. पण आज कॉन्फरन्सचं खरं काम दुसरंच आहे. ती सगळ्यांचे टीव्ही हक्क एकत्र विकते आणि पैसे वाटते.

हे 1984पासून सुरू झालं. तोवर कॉलेज फुटबॉलचं प्रक्षेपण एनसीएए ही राष्ट्रीय संस्था ठरवायची. कोणता संघ किती वेळा टीव्हीवर दिसणार यालाही मर्यादा होती. ओक्लाहोमा विद्यापीठाच्या बाजूने लागलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही मक्तेदारी मोडली. हक्क विद्यापीठांकडे आले, त्यांनी ते कॉन्फरन्सच्या हाती दिले, आणि कोणासोबत खेळायचं हे भूगोलाऐवजी बाजारभावावर ठरू लागलं. पहिला मोठा बळी टेक्सासची साउथवेस्ट कॉन्फरन्स. 1996मध्ये ती बंद पडली तेव्हा चार विद्यापीठं नव्या बिग 12मध्ये गेली आणि राईस, टीसीयू, एसएमयू, ह्यूस्टन मागे राहिली.

पुलमनचं ते नवं घर म्हणजे पॅसिफिक किनाऱ्यावरची पॅक-12 कॉन्फरन्स; ती आपली सुरुवात जुन्या कॉन्फरन्सपासून, 1915ची धरते. ती कोसळली कशी हे नीट पाहायला हवं, कारण त्यात मैदानावरच्या खेळाचा वाटा जवळजवळ शून्य आहे.

30 जून 2022ला यूएससी आणि यूसीएलए या लॉस एंजेलिसच्या दोन विद्यापीठांनी बिग टेन या दुसऱ्या बड्या कॉन्फरन्समध्ये जात असल्याचं जाहीर केलं. किनाऱ्यावरची सर्वांत मोठी टीव्ही बाजारपेठ त्या दिवशी पॅक-12च्या हातून गेली. दोनच महिन्यांत बिग टेनने फॉक्स, सीबीएस आणि एनबीसी या वाहिन्यांशी 7 वर्षांचा करार केला, 700 कोटी डॉलरच्या वरचा. पॅक-12चा करार 2024च्या उन्हाळ्यात संपणार होता. बिग 12चा त्यानंतर एका वर्षाने. म्हणजे रांगेत पॅक-12 पुढे होती. पण बिग 12ने मुदतीची वाट न पाहता ऑक्टोबर 2022मध्येच ईएसपीएन आणि फॉक्सशी नवा करार उरकून टाकला, प्रत्येक विद्यापीठाला वर्षाला सरासरी 3 कोटी 17 लाख डॉलर. वाहिन्यांचं बजेट ठरलेलं असतं. पॅक-12 टेबलावर बसली तेव्हा त्यातला मोठा घास गेलेला होता.

[दृश्य: कॅलेंडर, ऑगस्ट 2023]

27 जुलै 2023ला कोलोराडो बिग 12मध्ये गेलं. शेवटी पॅक-12च्या हातात उरला तो ॲपलचा प्रस्ताव: सगळं स्ट्रीमिंगवर, आणि रक्कम किती वाढणार ते वर्गणीदार किती मिळतात त्यावर. 4 ऑगस्टला एकाच दिवशी पाच विद्यापीठं बाहेर पडली. ओरेगन आणि वॉशिंग्टन बिग टेनमध्ये; ॲरिझोना, ॲरिझोना स्टेट आणि युटा बिग 12मध्ये. 1 सप्टेंबरला स्टॅनफर्ड आणि कॅलिफोर्निया-बर्कली अटलांटिक किनाऱ्यावरच्या एसीसीत गेली, तेही पहिली 7 वर्षं टीव्हीच्या पैशाचा सुमारे 30 टक्केच वाटा घेऊन. आता यूसीएलएचा संघ रटगर्सशी खेळायला न्यू जर्सीला जातो, एका बाजूचं अंतर सुमारे 3,900 किलोमीटर. फुटबॉलच्या मुलांना हे मोसमात दोन-तीनदा पडतं. व्हॉलीबॉल, सॉफ्टबॉलच्या मुलींना कितीतरी जास्त, आणि वर्ग बुडतात ते त्यांचेच.

हे सगळे बाहेर पडण्याचा दंड न भरता सुटले, ही यातली खरी ग्यानबाची मेख. सदस्य आपले टीव्ही हक्क ठराविक मुदतीसाठी कॉन्फरन्सच्या नावे लिहून देतात. पॅक-12मधला हा लेखी करार टीव्ही करारासोबतच 2024मध्ये संपत होता, मग जाणाऱ्याला अडवणार कशाने? एसीसीत हीच मुदत 2036पर्यंत आहे. म्हणून फ्लोरिडा स्टेट आणि क्लेमसनला बाहेरचा दरवाजा शोधायलासुद्धा कोर्टात जावं लागलं.

पॅक-12मध्ये उरले दोघं: पुलमनचं वॉशिंग्टन स्टेट आणि कॉर्व्हॅलिसचं ओरेगन स्टेट.

[दृश्य: व्हिटमन काउंटीचं न्यायालय]

दोघांनी पहिलं काम केलं ते प्रशिक्षकाचं नव्हे, वकिलाचं. कॉन्फरन्सच्या नियमावलीत एक कलम होतं: 1 ऑगस्ट 2024च्या आधी बाहेर पडण्याची नोटीस देणाऱ्याची संचालक मंडळातली जागा जाते. यूएससी आणि यूसीएलए निघाले तेव्हा हेच कलम लावून त्यांना मंडळातून दूर ठेवलं होतं. मग उरलेल्या आठांना वेगळा न्याय का? बहुमत त्या दहांच्या हाती राहिलं असतं तर कॉन्फरन्स विसर्जित करून तिजोरी वाटून घेता आली असती. 14 नोव्हेंबर 2023ला स्थानिक न्यायाधीशांनी दोघांच्या बाजूने मनाई हुकूम दिला, डिसेंबरमध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घालायला नकार दिला. तडजोडीत जाणाऱ्या दहांनी मिळून सुमारे साडेसहा कोटी डॉलर सोडले. कॉन्फरन्सचं नाव, तिची येणी आणि देणी, सगळं दोघांकडे आलं.

छोट्या संघाच्या हातात असलेलं खरं शस्त्र हेच, नियमावली आणि नोटिशीची तारीख. टीव्हीवाल्यांशी घासाघीस करायला त्याच्याकडे शहर नसतं.

पण तिजोरी म्हणजे वेळापत्रक नव्हे. 2024चा मोसम नऊ महिन्यांवर, आणि दोन्ही संघांचे कॉन्फरन्समधले सामने गायब. मोसमाच्या मध्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, बाकी सगळे आपापल्या कॉन्फरन्समध्ये गुंतलेले असतात; त्या शनिवारांना प्रतिस्पर्धी मिळतच नाही. म्हणून त्यांनी माउंटन वेस्ट कॉन्फरन्सकडून सामने विकत घेतले: 1 कोटी 40 लाख डॉलर, प्रत्येकाला सहा-सहा सामने. करारात माउंटन वेस्टने एक अट घालून ठेवली. आमचा सदस्य फोडलात तर एकासाठी 1 कोटी डॉलर, पुढच्या प्रत्येकासाठी 5 लाख जास्त. गरजवंताने सही केली. 2025मध्ये तर सामन्यांची इतकी टंचाई, की हे दोघे एकाच महिन्यात एकमेकांशी दोनदा खेळले.

[दृश्य: रिकामी होणारी ड्रेसिंग रूम]

खेळाडू टिकवणं त्याहून अवघड. 2024च्या वसंतापासून पदवीधर नसलेला खेळाडूही एक वर्ष न थांबता, हवं तितक्या वेळा विद्यापीठ बदलू शकतो. वॉशिंग्टन स्टेटचा क्वार्टरबॅक (चेंडू फेकून चाल रचणारा) कॅम वॉर्ड मायामी विद्यापीठात गेला आणि एनएफएल या व्यावसायिक लीगच्या 2025च्या निवडीत पहिल्या क्रमांकावर उचलला गेला. त्याच्या जागी तयार झालेला जॉन मटीअर एका मोसमानंतर ओक्लाहोमाला गेला. प्रशिक्षक जेक डिकर्ट वेक फॉरेस्टला. ओरेगन स्टेटचा जोनाथन स्मिथ 2023चा साखळी मोसम संपताच मिशिगन स्टेटला गेला होता. छोट्या जागी खेळाडू घडवायचा आणि तो फळ द्यायला लागला की मोठ्याने न्यायचा, हा आता वार्षिक क्रम आहे.

खेळाडूंनी एनसीएएवर लावलेल्या खटल्यात जून 2025मध्ये मंजूर झालेल्या तडजोडीनुसार विद्यापीठ खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतं, पहिल्या वर्षी जास्तीत जास्त सुमारे 2 कोटी 5 लाख डॉलर. ही कमाल मर्यादा आहे. बिग टेनमधले मोठे संघ तिथवर पोहोचतात, इतरांना ऐपतीप्रमाणे. शिवाय कॉलेज फुटबॉलच्या वरच्या विभागात राहायचं तर किमान 16 खेळ चालवावेच लागतात. त्यामुळे फुटबॉलसाठी पैसे काढायचे तर अख्खा खेळ बंद करणं जड जातं. त्याच महिन्यात वॉशिंग्टन स्टेटने ॲथलेटिक्समधले फेकीचे आणि उड्यांचे प्रकार बंद करून लांब पल्ल्याच्या धावण्यावर भर द्यायचं ठरवलं. क्रॉस-कंट्री, इनडोअर आणि आउटडोअर असे तीन खेळ मोजणीत वेगवेगळे धरले जातात. संघ छोटा झाला तरी आकडा टिकतो.

[दृश्य: बाणांनी भरत जाणारा अमेरिकेचा नकाशा]

मग दोघांनी वर जे त्यांच्याबाबतीत झालं तेच खाली केलं. कॉन्फरन्सला मान्यता टिकवायला किमान 8 सदस्य लागतात आणि सवलत दोन वर्षांची. सप्टेंबर 2024मध्ये पॅक-12ने माउंटन वेस्टमधून बॉइसी स्टेट, कोलोराडो स्टेट, फ्रेझ्नो स्टेट, सॅन डिएगो स्टेट आणि पाठोपाठ युटा स्टेट उचलले. त्या अटीप्रमाणे दंड झाला साडेपाच कोटी. पॅक-12 तो बेकायदा आहे म्हणत कोर्टात गेली. स्वतःच सही केलेली अट, हे विसरायचं नाही.

फुटबॉलचा आठवा सदस्य टेक्सास स्टेट, 30 जून 2025ला. तारीख मुद्दाम तीच: त्या दिवसापर्यंत त्याची जुनी कॉन्फरन्स, सन बेल्ट, सोडायची किंमत 50 लाख डॉलर होती, दुसऱ्या दिवशी दुप्पट. सन बेल्टने ती जागा भरायला कॉन्फरन्स यूएसएमधून लुइझियाना टेक घेतलं. माउंटन वेस्टने तिथूनच टेक्सासमधलं यूटेप घेतलं आणि फक्त फुटबॉलसाठी इलिनॉयचं नॉर्दर्न इलिनॉय. कॉन्फरन्स यूएसएने खालच्या विभागातून डेलावेअर आणि मिझुरी स्टेट वर आणले. वर चढायची फी पूर्वी 5,000 डॉलर होती. ऑक्टोबर 2023मध्ये ती 50 लाख झाली.

नॉर्दर्न इलिनॉयचं उदाहरण बोलकं आहे. सप्टेंबर 2024मध्ये त्यांनी नोत्र दाम या बड्या संघाला त्याच्याच मैदानावर 16-14 हरवलं आणि वर 14 लाख डॉलर घेऊन आले. मोठ्याच्या घरी जाऊन बहुधा हरायचं आणि मानधन घ्यायचं, याला तिथे ‘गॅरंटी गेम’ म्हणतात. छोट्या खात्यांचं बजेट अशा एक-दोन शनिवारांवर उभं असतं. पण 2026पासून एसईसी ही दक्षिणेकडची बडी कॉन्फरन्सही आठऐवजी नऊ सामने आपसात खेळणार. म्हणजे पाहुण्यांसाठीचे शनिवार कमी. राष्ट्रीय विजेता ठरवणाऱ्या प्लेऑफच्या पैशात तर 2026पासून बिग टेन आणि एसईसी या दोघांचाच वाटा 58 टक्क्यांच्या आसपास. चार मोठ्या (या दोन, बिग 12 आणि एसीसी) सोडून बाकी सगळ्या कॉन्फरन्सना मिळून सुमारे 9. ही तूट अनेक ठिकाणी विद्यार्थ्यांच्या फीमधून भरली जाते. महाराष्ट्रातून तिथे एमएस करायला गेलेल्या मुलाच्या फीच्या पावतीत ‘ॲथलेटिक्स’ अशी ओळ दिसली, तर ती हीच.

[दृश्य: मॉस्को, किबी डोम]

आता 13 किलोमीटर पलीकडे. आयडाहोने 1996मध्ये वरच्या विभागात पुन्हा पाऊल ठेवलं, बिग वेस्ट या कॉन्फरन्समधून. 2000च्या मोसमानंतर बिग वेस्टने फुटबॉलच बंद केला. मग सन बेल्ट, मग डब्ल्यूएसी. 2012नंतर तिनेही फुटबॉल सोडला. एक वर्ष एकट्याने काढलं, 2014ला पुन्हा सन बेल्ट. 2016मध्ये सन बेल्टने करार वाढवणार नाही असं सांगितलं. प्रत्येक वेळी नवे प्रतिस्पर्धी, लुइझियाना-जॉर्जियाचे विमानप्रवास, आणि घरचं मैदान 16,000चं.

2018मध्ये आयडाहो आपण होऊन खालच्या विभागात, बिग स्कायमध्ये उतरलं. 85ऐवजी 63 शिष्यवृत्त्या, आणि मोंटाना, ईस्टर्न वॉशिंग्टनसारखे बसने गाठता येणारे शेजारी. माजी विद्यार्थी चिडले, देणगीदार रुसले. पण 2022पासून सलग तीन मोसम संघ प्लेऑफमध्ये पोहोचला, त्यातले दोन वेळा उपांत्यपूर्व फेरीपर्यंत. 30 ऑगस्ट 2025ला तो पुलमनला खेळायला आला. वॉशिंग्टन स्टेट जिंकलं, पण 13-10, तेही अखेरच्या मिनिटांतल्या किकवर. आमच्या मते आयडाहोचा निर्णय हिशोबाचा होता. तो पराभव म्हणून सांगितला गेला, कारण मोठ्यांच्या नकाशात खाली उतरायला शब्दच नाही.

बिग टेनचा टीव्ही करार 2029-30च्या मोसमानंतर संपतो. नव्या पॅक-12चा सीबीएसशी झालेला करार 2030-31पर्यंत आहे. एसीसीतून बाहेर पडायची किंमत त्याच सुमारास साडेसात कोटी डॉलरपर्यंत खाली येते. म्हणजे पुढच्या नोटिसा 2029च्या आसपास लिहायला घेतल्या जातील, आणि पुलमन, कॉर्व्हॅलिसचे वकील नियमावलीतली मुदतीची कलमं त्याआधीच वाचून ठेवतील.